अमर चेटकिणीची प्रेमकथा : तिला म्हणायचं काय, आणि तिच्या प्रेमाला?

प्रश्नकर्ती :
गेले काही महिने एक दीर्घकथा लिहिते आहे. नायिका तीनशे वर्षं जगली आहे, दिसते तिशीची. तिला मंत्रविद्या येते. ती प्रेमात पडते ते मात्र चारचौघांसारख्या, एक दिवस मरणाऱ्या माणसाच्या. इंग्रजीत अशा कथांचा 'पॅरानॉर्मल रोमान्स' नावाचा अख्खा प्रवाह आहे. मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. 'चेटकीण' लिहिलं की डोळ्यांसमोर बालनाट्यातली लांब नाकाची, झाडूवाली म्हातारी येते. 'जादूगारीण' म्हटलं तर टोपीतून ससा काढणारी. 'मांत्रिक' शब्दाचं स्त्रीलिंगी रूप कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. 'हडळ', 'जखीण', 'डाकीण', 'यक्षिणी', 'योगिनी' हे सगळे लिहून बघितले आणि खोडले.

दुसरी अडचण प्रेमाची. 'जन्मभर साथ देईन' हे वाक्य तिच्या तोंडी घातलं आणि लक्षात आलं की तिच्यासाठी त्याला काही अर्थच नाही. तिचा जन्म संपणारच नाही. शब्द सुचवा, आणि का सुचवता तेही सांगा.

प्रतिसाद :
आधी हडळ आणि जखीण बाजूला काढू. ही मेलेल्या बायकांची भुतं. हडळ व्हायचं तर आधी मरावं लागतं, आणि तुमच्या नायिकेला नेमकं तेच जमत नाही. जखीण शब्दाचं मूळ 'यक्षिणी'त आहे (प्राकृतात 'जक्खिणी'), पण मराठीत येईपर्यंत ती कुबेराच्या नगरीतून उतरून भुतांच्या पंगतीत बसली. एकाच शब्दाची दोन रूपं, एक देवळातल्या शिल्पात आणि एक विहिरीच्या काठावर. 'यक्षिणी' लिहिलंत तर वाचक शिल्पातली आठवेल, 'जखीण' लिहिलंत तर घाबरेल. प्रेमात कुणी पडणार नाही.

'चेटकीण' मात्र इतक्या लवकर सोडू नका. संस्कृतात 'चेट' म्हणजे नोकर आणि 'चेटी' म्हणजे दासी. 'मृच्छकटिका'त वसंतसेनेची मदनिका ही चेटीच. चेटूक या शब्दाचा संबंध याच 'चेट'शी लावतात : मंत्राच्या बळावर राबायला लावलेलं भूत, अदृश्य चाकर. त्या हिशोबाने चेटकीण म्हणजे जिच्या हुकमतीत कुणीतरी राबतंय अशी बाई. तुमच्या कथेत याचा उपयोग आहे, कारण प्रेमात नेमकी हुकमत सोडावी लागते. जिला सगळ्यांना राबवायची सवय, तिला कुणाची तरी वाट बघावी लागते. मला हा शब्द नाकापेक्षा आणि झाडूपेक्षा मोठा वाटतो.

प्रतिसाद :
वरच्या उत्तराशी सहमत, पण 'डाकीण' या शब्दाबद्दल गंभीरपणे बोलायला हवं. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी ही ज्ञान देणारी, पूज्य स्त्रीशक्ती आहे. तिबेटी भाषेत तिच्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आकाशात संचार करणारी' असा होतो. एवढं वाचून कुणालाही वाटेल की नायिकेसाठी हाच शब्द. पण मराठीत 'डाकीण' हा आरोप आहे. हा शब्द चिकटवून जिवंत बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जारणमारण, करणी आणि चेटूक यांच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, नग्न धिंड काढणं हा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे 'चेटूक'सुद्धा निर्मळ शब्द नाही.

परदेशातही हेच झालं. अमेरिकेतल्या सालेममध्ये 1692 साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिलं, त्यात चौदा बायका होत्या. त्यांच्यातली एकही अमर नव्हती, हे लिहिताना विसरू नये असं मला वाटतं. अमर चेटकिणीची कथा वाचकाला इतकी का ओढते याचं एक कारण मला यात दिसतं : जिला जाळायला, लटकवायला, बुडवायला गेले आणि जी तरीही मेली नाही, अशी एक तरी बाई असावी असं वाटत राहतं.

म्हणून माझं मत : कथेतल्या लोकांनी तिला 'डाकीण' म्हणावं, निवेदकाने कधीही म्हणू नये. कोण कुठला शब्द वापरतं यावरून कोण कुठे उभं आहे ते वाचकाला कळेल.

प्रश्नकर्ती :
हा मुद्दा मला लागला. मी तिसऱ्या प्रकरणात निवेदनातच 'डाकीण' लिहिलं होतं, सहज, भारी वाटतं म्हणून. आज काढून टाकलं. आता ती तिच्या तोंडून स्वतःला 'चेटकीण' म्हणते आणि ज्यांना भीती वाटते ते तिला 'डाकीण' म्हणतात. निवेदनात फक्त 'ती'.

आता 'अमर'चं बघू. 'चिरंजीव' लिहावं का? शब्दशः अर्थ तोच आहे ना, दीर्घकाळ जगणारा?

प्रतिसाद :
'चिरंजीव' नको. मराठीत तो मुलगा झाला आहे. 'आमचे चिरंजीव' म्हटलं की कुणी अमर माणूस डोळ्यांसमोर आणत नाही. शिवाय परंपरेतले सात चिरंजीव मोजून पाहा : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. सातही पुरुष. आणि त्यांच्यातला ज्याला अमरपण शाप म्हणून मिळालं तो अश्वत्थामा, त्याची कथा जखमेची आहे, प्रेमाची नाही. तुम्ही लिहिता आहात त्या बाईला या यादीत जागाच नाही. ती नव्याने करावी लागेल.

'अमर' आणि 'अजर' मात्र वेगळे ठेवा. आपण 'अजरामर नाटक', 'अजरामर गाणं' असं इतकं म्हणतो की त्यात दोन शब्द आहेत हे विसरलो. अजर म्हणजे ज्याला जरा नाही, म्हातारपण नाही. अमर म्हणजे ज्याला मरण नाही. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. ग्रीक पुराणात पहाटेची देवी इऑस हिने टिथोनस या मर्त्य प्रियकरासाठी अमरत्व मागून घेतलं आणि तारुण्य मागायचं राहून गेलं. तो अमर झाला, अजर नाही झाला. म्हातारा होत होत झिजत गेला. एका अक्षराच्या फरकावर अख्खी शोकांतिका उभी आहे. तुमची नायिका अजर आहे, अमर आहे की दोन्ही, हे ठरवल्याशिवाय पुढे लिहू नका.

'मेघदूता'तल्या एका श्लोकात यक्षांबद्दल म्हटलंय की त्यांना तारुण्याखेरीज दुसरं वयच नाही. (काही अभ्यासक तो श्लोक प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घातलेला मानतात, पण कल्पना फार सुंदर आहे.) आणि त्या काव्याचा नायक असलेल्या, अशाच वय नसलेल्या यक्षाला प्रियेपासून दूर राहण्याचा शाप किती वर्षांचा? एका वर्षाचा. त्यातले चारच महिने उरलेत, आणि तेवढेही त्याला सोसवत नाहीत. ज्याच्याकडे अमाप काळ आहे त्याला विरह थोडा कमी होतो, असं कालिदास मुळीच मानत नाही. हे तुमच्या कथेसाठी लक्षात ठेवा. तीनशे वर्षांच्या बाईला एक संध्याकाळ लांबच वाटणार.

प्रतिसाद :
नायकासाठी एक शब्द देतो. तुम्ही विचारला नाहीत, पण तुम्हाला तो लागेल.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 95 वं सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद. ती निघून चाललीय आणि तो तिला थांबवतोय. ती अप्सरा, तो माणूस. नवव्या ऋचेत 'मर्त' आणि 'अमृता' हे दोन शब्द समोरासमोर येतात : अमृतांना, म्हणजे मरण नसलेल्या स्त्रियांना, स्पर्श करू पाहणारा मर्त. 'अमृता' हे आज आपल्याकडे मुलीचं नाव आहे. तिथे ते अख्ख्या एका जातीच्या स्त्रियांचं वर्णन आहे. आणि अठराव्या ऋचेत देव पुरूरव्याला काय म्हणतात असं सांगितलंय? 'मृत्युबंधू'. मृत्यूचा नातलग.

'मर्त्य' हा शब्द वर्गवारी करतो. 'मृत्युबंधू' नातं सांगतो. त्या माणसाचं एक नातं आधीच जुळलेलं आहे, आणि ते तोडून तो तिच्याकडे येऊ शकत नाही. तुमच्या नायिकेला सवत आहे, आणि ती सवत म्हणजे मृत्यू. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

प्रश्नकर्ती :
तुम्ही तो दिलात म्हणून तुमचे फार आभार. शीर्षक 'मृत्युबंधू' ठेवावं का असं आता डोक्यात घोळतंय.

आता मधला, सगळ्यात अवघड भाग. नायक तिला म्हणतो, "तू मला भारून टाकलंस." साध्या प्रेमकथेत हे वाक्य गोड आहे. इथे ते आरोपासारखं ऐकू येतं. ती घाबरते. कारण तिला भारता येतं, आणि तिने ते केलेलं नाही. त्याला हे कसं पटवायचं? मी त्या वाक्यापाशी दोन दिवस अडून आहे.

प्रतिसाद :
वाक्य मुळीच बदलू नका! कथेचं मर्मच ते आहे.

मराठीत प्रेमाचे निम्मे शब्द चेटकाचेच आहेत. मोहिनी घातली, भूल पडली, वेड लावलं, झपाटलं, पछाडलं, भारलं, मंतरलं. एरवी आपण ते अलंकारासारखे वापरतो. तुमच्या कथेत प्रत्येक शब्द पुन्हा खरा होऊ शकतो. पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून जरा जवळून बघू.

'झपाटणं' आणि 'पछाडणं' हे भुताचं काम. झडप घालून धरायचं, त्यात मंत्र नाही, जबरदस्ती आहे. नायकाने "मला झपाटलंस" म्हटलं तर तो तिला हडळ समजतो.

'भारणं' निराळं. पाणी भारतात, दोरा भारतात, अंगारा भारतात. निर्जीव वस्तूवर मंत्र घालून तिच्यात शक्ती भरायची. म्हणजे "तू मला भारून टाकलंस" म्हणणारा माणूस नकळत स्वतःला तांब्यातल्या पाण्यासारखा समजतो : मी नुसता होतो, तू माझ्यात काहीतरी भरलंस. मला हे फार हळवं वाटतं. झपाटल्याची तक्रार करतात, भारल्याची कुणी करत नाही.

'मंतरणं' भारण्याच्या जवळचं, पण 'मंतरलेले दिवस' म्हणतो तेव्हा आपण काळाला मंतरतो, माणसाला नाही. आणि 'भूल' तर विलक्षण शब्द. भूल पडली की वाट चुकते. भूल घातली की मन चुकतं. भूल दिली की वेदना कळत नाही. तुमच्या नायिकेला तिन्ही येतात. शेवटी, तो मरत असताना, तिने त्याला नुसती भूल द्यावी, मोहिनी नाही.

प्रतिसाद :
'जन्मभर'बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

तुम्हाला अडचण येते आहे त्याचं कारण असं, की मराठीत टिकणारं प्रेम मोजायचं माप मरण हेच आहे. मरेपर्यंत, जन्मभर, शेवटच्या श्वासापर्यंत, जिवात जीव असेतो. आणि त्याहून मोठं म्हणायचं झालं तर आपण मरण गुणून घेतो : जन्मोजन्मी, साता जन्मांची गाठ. सात वेळा मरायचं आणि सात वेळा भेटायचं. तिला यातलं एकही म्हणता येत नाही. 'शाश्वत', 'चिरंतन', 'अक्षय' हे शब्द आहेत, पण ते भाषणातले. रात्री दोन वाजता कुणी कुणाच्या कानात 'चिरंतन' म्हणत नाही.

उलट त्याला मात्र सगळं म्हणता येतं. तो म्हणू दे "जन्मभर". तो खरं बोलतोय, आणि तो किती थोडा काळ आहे हे फक्त तिला माहीत आहे. तिच्या तोंडी मोठा शब्द देऊच नका. तिने म्हणावं, "आहे मी." वर्तमानकाळ. मराठीत 'आहे' हे एकच क्रियापद असं आहे की ज्याला सुरुवात आणि शेवट लावावा लागत नाही.

आणि निवेदनासाठी एक वाक्प्रचार सुचवते : 'पुरून उरणे'. अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, सगळ्यांना भारी पडून शिल्लक राहणं. यातलं 'पुरणं' हे पुरेसं होणं. पण मराठीत मातीत पुरणंही त्याच अक्षरांनी लिहितात. एरवी हा दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. तुमच्या कथेत तो आल्याशिवाय राहणार नाही. तीनशे वर्षांत तिने किती जणांना माती दिली असेल? आणि ती उरली. 'टिकणं'मध्ये कौतुक आहे, 'उरणं'मध्ये एकटेपण आहे. अमर माणूस टिकत नाही, उरतो.

प्रश्नकर्ती :
हे वाचून उठले आणि शेवटचं पान परत लिहिलं. तो गेल्यानंतरची सकाळ आहे. नखांत माती तशीच आहे, ती हात धुवत नाही. आधी इथे मी पाऊण पान शोक लिहिला होता. आता एवढंच आहे :

"तिने त्याला आपल्या हातांनी पुरलं. मग ती उठली, आणि उरली."

आता एकच शंका. 'आणि उरली' की 'आणि ती उरली'? दुसऱ्यांदा 'ती' नसेल तर वाक्य घाईने संपतं, असेल तर 'ती'वर जोर येतो. तो जोर मला हवा आहे असं वाटतंय, पण मोठ्याने वाचलं की दर वेळी वेगळं ऐकू येतं.

प्रतिसाद :
'ती' ठेवा. आणि 'आणि'च्या आधीचा स्वल्पविराम काढा. उठणं आणि उरणं यांच्यात तिला थांबायला जागा नाही.