पेलाचे ट्यूलिप आणि घासलेले रस्ते: मिडवेस्टातल्या छोट्या गावांचे तुमचे अनुभव लिहा

शेवग्याची शेंग:
आमच्या सोसायटीतली अर्धी मंडळी श्रीनगरची ट्यूलिप बाग बघून आलीयेत, ग्रुपवर दोन दिवस नुसते फोटो चाललेत. एक काकू म्हणाल्या, "आता काही हॉलंडला जायला नको." आणि मला एकदम पेला आठवलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं पेला. जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, आणि मधेच उतरत्या छपरांची, टोकदार कपाळाची डच धाटणीची घरं. पेट्रोल पंपालासुद्धा तसंच तोंड दिलेलं. नवऱ्याची नोकरी तिथे म्हणून आम्ही तिथे. पुण्याहून गेलेल्या मला पहिल्या हिवाळ्यात प्रश्न पडलेला की या गावात माणसं राहतात का फक्त पिकअप ट्रक.

मग मे आला. मेच्या पहिल्या आठवड्यात गुरुवार ते शनिवार ट्यूलिप टाइम नावाचा उत्सव असतो, १९३५ पासूनचा. तिन्ही दिवस दुपारी एक परेड आणि रात्री दिव्यांची दुसरी. त्याच्या आधी काय, तर गावाचा बर्गोमास्टर (डच पद्धतीचा नगराध्यक्ष) काळ्या कोटात येतो, रस्ता न्याहाळतो आणि जाहीर करतो की रस्ता घाण आहे! मग बादल्या आणि लांब दांड्याचे ब्रश घेऊन बाया-पुरुष-पोरं लाकडी बूट खडखडवत रस्ता घासायला लागतात. पालखी यायच्या आधी आमच्या आजोळी सडे पडायचे तसंच अगदी, फक्त इथे रस्ता आधीच लख्ख असतो आणि तरी घासतात. पाणी मुद्दाम प्रेक्षकांवर पण उडवतात, पुढे बसलात तर भिजायची तयारी ठेवा.

पण माझ्या लक्षात राहिल्यात त्या शेजारच्या आजी. फेब्रुवारीपासून त्यांच्या डायनिंग टेबलवर जेवणच होत नसे, सगळीकडे कापड. नातवंडांचे पोशाख. कुठल्या प्रांताची टोपी कशी, कुठल्या गावचा एप्रन कुठला, हे त्या मला दम देऊन शिकवायच्या. लेसच्या टोप्यांना खळ घालून कडक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्यांना सांगून बसले होते की आमच्याकडे सुती साड्यांना खळ घालतात. लेक शाळेतर्फे नाचली, लाकडी बुटात पाय सोलू नये म्हणून तीन-तीन मोजे चढवून. तर लिहा तुमचे अनुभव, पेलाचेच पाहिजेत असं काही नाही.

खमंग काकडी:
अगं काय आठवण काढलीस!! आम्ही डिमॉइनला होतो, तासाभराचा रस्ता. दर वर्षी ठरवायचो लवकर निघू आणि दर वर्षी लेकाचा एक बूट सापडायचा नाही. दहानंतर पोचलात तर गाडी गावाबाहेर लावून चालत या. यार्स्मा बेकरीची रांग कोपऱ्यावरून वळून गेलेली असायची. १८९८ पासूनची बेकरी आहे ती. डच लेटर घ्यायचं, एस आकाराचं, आत बदामाचं सारण, वरून साखर. बॉक्स घरी नेऊ म्हणून घ्यायचा आणि गाडीतच रिकामा व्हायचा.

तर्रीबाज:
डच लेटर +१००. चौकातल्या दुसऱ्या बेकरीचं पण चांगलं असतं, पण हे पेलात मोठ्याने बोलू नये, घराघरांत पक्ष आहेत 😄

निवांत:
सासूबाई-सासरे आलेले तेव्हा नेलं होतं. सासूबाईंचा नेमका उपास, सासरे शाकाहारी आणि गावात जिकडे तिकडे बोलोन्याचे, म्हणजे धुरावलेल्या मांसाच्या सॉसेजचे, गोल गोल कडे टांगलेले. पेला बोलोन्या फार प्रसिद्ध आहे, तिथलं एक मीट मार्केट १८६८ पासूनचं. सासरे त्या दुकानात चक्क आत जाऊन सगळं बघून आले, दुकानदाराला विचारून आले की हे धुरावर किती वेळ ठेवता, आणि बाहेर येऊन म्हणाले, "व्यवस्था उत्तम आहे." सासूबाई दिवसभर केळी आणि सोबत आणलेला चिवडा, नंतर कोणीतरी म्हणालं डच लेटरमधे अंडं असतं तर त्या म्हणाल्या आता खाल्लंय ते राहू दे. हो, उपासाच्या दिवशी. आम्ही कोणी काही बोललो नाही.

खमंग काकडी:
🤣🤣 सासूबाईंना नमस्कार सांग

गिअरबॉक्स:
पवनचक्कीबद्दल कोणी लिहिलं कसं नाही? व्हर्मीर मिल, १२४ फूट उंच, २००२ ची. नेदरलँड्समधे बनवली, सुटी करून बोटीने आणली आणि इथे परत जोडली. आतली चाकं-दाते लाकडाचे आणि चक्की खरी चालते, शोभेची नाही, वाऱ्यावर गहू दळतात. चालू स्थितीतल्या, धान्य दळणाऱ्या पवनचक्क्यांत अमेरिकेत सगळ्यात उंच ही. वर लाकडी सज्जा आहे तिथून पूर्ण गाव दिसतं. वारा जिकडून असेल तिकडे वरची टोपी फिरवावी लागते, ते पण हाताने चाक ओढून. मी मेकॅनिकल वाला, बायको खाली दोनदा फोन करून विचारत होती खाली येणार आहेस का. पीठ विकत मिळतं, आम्ही पोळ्या केल्या, जरा भरड झाल्या पण चव आवडली. थालीपीठ मस्त लागतं त्याचं.

शेवग्याची शेंग:
@गिअरबॉक्स बायकोला माझी सहानुभूती. आमच्या घरी पण हेच.

कालव्याकाठी:
मी नेदरलँड्समधे राहते, वाचून हसू येतंय. इथे लाकडी बूट बागेत काम करणारी एखादी म्हातारी माणसं घालतात, बाकी विमानतळावर चुंबक आणि किल्ल्यांना लटकवायला. आमच्या ऑफिसातल्या डच सहकाऱ्याला पेलाचे फोटो दाखवले तर म्हणाला हे आमच्यापेक्षा जास्त डच आहेत. बाय द वे, पवनचक्की बंद असते तेव्हा पाती कशी थांबवलीयेत ते बघा. वरचं पातं उभ्या रेषेच्या जरा अलीकडे थांबवलं तर घरात आनंदाची गोष्ट, जरा पलीकडे गेलेलं असेल तर दुखवटा. पूर्वी लांबून गावाला कळायचं. पेलात पाळतात का माहीत असेल तर सांगा.

गिअरबॉक्स:
हे मला आधी माहीत असतं तर मी अजून एक तास घालवला असता

जुनी वही:
थोडा इतिहास, कंटाळा आला तर सोडून द्या. १८४७ मधे हेंड्रिक स्खोल्टे नावाच्या पाद्र्याबरोबर सुमारे ८०० माणसं नेदरलँड्समधून पेलाला आली. धर्माच्या बाबतीत सरकारी चर्चशी पटत नव्हतं. आल्या आल्या घरं कुठली, जमिनीत खड्डे करून वर गवताची छपरं, त्या वस्तीला लोक गवताचं गावच म्हणायचे. स्खोल्टेंची बायको शहरात वाढलेली, तिची निळी-पांढरी डेल्फ्टची भांडी प्रवासात फुटली आणि तिने त्या तुकड्यांची पायवाट केली असं सांगतात. स्खोल्टे हाऊस अजून आहे, मागची बाग ट्यूलिपच्या दिवसांत बघण्यासारखी.

आणि एक गोष्ट जी परेडमधे कोणी सांगत नाही. १९१८ मधे, महायुद्ध चालू असताना, आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंगने फतवा काढला की सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, फोनवर, शाळेत, चर्चच्या प्रार्थनेत फक्त इंग्रजी बोलायचं. राग मुख्यतः जर्मनवर होता, पण डच, नॉर्वेजियन, झेक सगळेच सापडले. ज्या आज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनी प्रवचन कुठल्या भाषेत ऐकायचं? आणि त्यानंतर १७ वर्षांनी हेच गाव डच टोप्या घालून रस्त्यावर नाचतंय आणि तिकीट काढून लोक बघतायत. मला हे फार गमतीचं वाटतं, म्हणजे गमतीचं नाही, तुम्हाला कळलं असेल.

निवांत:
बापरे फोनवर सुद्धा? आम्ही टार्गेटच्या दुकानात मोठमोठ्याने मराठीत भांडतो

ऊनपाऊस:
यांच्या ट्यूलिपचं एक आहे, तारीख आधी ठरलेली असते आणि फुलं कोणाचं ऐकत नाहीत. वसंत लवकर आला की उत्सवापर्यंत पाकळ्या गळून नुसते हिरवे दांडे उभे. २०१३ ला उलटं, मे लागला आणि आयोवात चक्क बर्फ पडला, नेमका ट्यूलिप टाइमच्या आठवड्यात. पहिल्या वर्षी म्हणे गावात पुरेशी फुलंच नव्हती म्हणून लाकडाचे ट्यूलिप करून ठेवले होते. मला विचाराल तर अजून पण थोडे ठेवायला हरकत नाही.

खारीची शत्रू:
मीही लावले हो उत्साहात. ऑक्टोबरात कांदे पुरायचे, थंडी खाल्ल्याशिवाय फुलत नाहीत. संध्याकाळी पुरले, सकाळी खार माझ्याच पायरीवर बसून खात होती, माझ्याकडे बघत. उरलेल्यांवर कोंबड्यांची जाळी टाकली, ते उगवले तर हरणं आली. आता डॅफोडिल लावते, त्याला कोणी तोंड लावत नाही.

तर्रीबाज:
खार: १, काकू: ०

लाल मातीचा रस्ता:
पेलाच्या जवळच रेड रॉकचं धरण आहे, डि मॉइन नदीवरचं, १९६९ चं. आयोवातला सगळ्यात मोठा तलाव. आम्ही ट्यूलिपला कधी गेलो नाही पण उन्हाळा संपता संपता तिकडे पांढरे पेलिकन उतरतात त्यासाठी हमखास जायचो. तिथल्या पाटीवर वाचलं की जुनं रेड रॉक गाव पाण्याखाली गेलंय. माझ्या आईचं माहेर कोयनेत गेलं. आई आली होती तेव्हा तिला पाटी वाचून दाखवली, तर तिने विचारलं "यांना जमीन कुठे दिली?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवग्याची शेंग:
@लाल मातीचा रस्ता मी त्या धरणावर पिकनिकला कितीदा गेले असेन, पण पाटी कधी वाचली नाही. आईंना विचारून कोयनेवर वेगळा धागा काढा ना, खरंच.

धुरळा:
पेलापासून थोडंसं पुढे नॉक्सव्हिल, तिथलं कोणी लिहा की. ऑगस्टमधे स्प्रिंट कारच्या शर्यती, मातीच्या ट्रॅकवर. मित्राने ओढत नेलं. कानात बोळे घातले तरी छातीत आवाज येतो. वळणावर गाड्या आडव्या होऊन माती फेकतात, घरी येऊन आंघोळ केली तर बाथटब तपकिरी. मका उकडलेला मस्त मिळतो. इकडे फुलं आणि टोप्या, तिकडे हे, मधे फक्त शेतं. दोन्ही गावचे लोक एकमेकांकडे जातात का माहीत नाही पण मी जातो.

खमंग काकडी:
@धुरळा माझ्या नवऱ्याचा आयडी आहे का हा

धुरळा:
नाही वहिनी 😂

सरळ रस्ता:
आम्ही मिशिगनला, त्यामुळे इथल्या हॉलंड नावाच्या गावचा ट्यूलिप टाइम, १९२९ पासूनचा, म्हणजे पेलाच्या आधीचा, नोंद घ्यावी. आमची डी झ्वान पवनचक्की मूळ नेदरलँड्समधलीच जुनी आहे, १९६४ ला आणली, नवीन बांधून घेतलेली नाही.

गिअरबॉक्स:
पण उंच कोणाची?

सरळ रस्ता:
उंची बघून देव ठरवतात का

कोपऱ्यातली:
आमच्या नशिबी ट्यूलिप नाही, इलिनॉयमधलं केसी आलं. वस्ती जेमतेम, पण जगातली सगळ्यात मोठी विंड चाइम तिथे, सगळ्यात मोठी झुलती खुर्ची तिथे, अवाढव्य विणायच्या सुया पण. पोरं खूश, मी म्हणत होते हे काय बघायचं आणि मग त्या विंड चाइमची दोरी मीच सगळ्यात जास्त वेळ ओढली. हायवेवर सेंट लुइस-इंडियानापोलिस करताना थांबायला बरं पडतं, बाथरूम ब्रेक होतो.

जुनी वही:
पेलात अजून एक बघा, वायट अर्प, तोच पिस्तुलवाला मार्शल, लहानपणी तिथे राहायचा, हिस्टॉरिकल व्हिलेजमधे ते घर आहे. डच गावात काउबॉय. आणि क्लोकेनस्पेल राहिलंच, १४७ घंटा, ठरलेल्या वेळी खिडक्या उघडून चार फुटी बाहुल्या बाहेर येतात, त्यात हा वायट पण आहे.

पोहे विदाउट शेंगदाणे:
नमस्कार, नवीन आहे. यंदा मेमधे आई-बाबा इथे असतील, आईला जास्त चालवत नाही. पेला जमेल का? की नुसती गर्दी? आणि खायचं काय करायचं, बाबांना डायबेटिस आहे.

शेवग्याची शेंग:
जमेल ग. गुरुवारी जा, शनिवारी मरणाची गर्दी. परेडला स्टँडची तिकीटं आधी काढता येतात, नाहीतर घडीच्या खुर्च्या घेऊन फूटपाथच्या कडेला, लोक सकाळीच खुर्च्या मांडून ठेवतात आणि कोणी हलवत नाही. चौक छोटा आहे, चक्की, क्लोकेनस्पेल, मोलेनग्राख्टचा कालवा सगळं हाकेच्या अंतरावर. चक्कीला मात्र जिने आहेत, आईंना खाली बसव.

खमंग काकडी:
डबा ने. पराठे, दही. बाबांना पोफर्ट्येसच्या स्टॉलजवळून नेऊच नकोस, छोटे छोटे गोल पॅनकेक लोण्यात परतलेले आणि वर पिठीसाखर, वास लांबपर्यंत येतो. परत येताना वेळ असेल तर मॅड्रिड गावच्या आपल्या देवळात जाऊन या, डिमॉइनच्या वरच्या अंगाला आहे, वाट वाकडी पडेल पण आईला बरं वाटेल.

पोहे विदाउट शेंगदाणे:
थँक्यू थँक्यू सगळ्यांना! जाकीट लागेल का मेमधे?

ऊनपाऊस:
जाकीट, छत्री, सनस्क्रीन, तिन्ही. एकाच दिवशी लागतात.

निवांत:
आणि चिवडा.