रॉक-मेटलवाले खरंच सैतानाची पूजा करतात का? क्लासच्या पालकांना काय सांगू?

गिटारवाली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला घरीच गिटारचे क्लास घेते, मुलं बहुतेक आठवी ते बारावीतली. एका मुलाच्या आईला सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आलाय की परदेशातले सगळे रॉकवाले सैतानाची पूजा करतात, रेकॉर्ड उलटी वाजवली की त्यातून लपवलेले आदेश ऐकू येतात, हाताची शिंगं (तर्जनी आणि करंगळी वर) करून दाखवणं म्हणजे सैतानाला नमस्कार, आणि याच्यातच कुठेतरी सायंटॉलॉजी नावाचा पंथ पण घुसडलाय. मुलगा सध्या ब्लॅक सॅबथ या जुन्या ब्रिटिश मेटल बँडचे रिफ (गिटारवर परत परत येणारे छोटे तुकडे) वाजवतो आणि खरंच जीव ओतून वाजवतो. आता आईचं म्हणणं आहे की फक्त हिंदी गाणी शिकवा, नाहीतर क्लास बंद.

मला त्यांना उडवून लावायचं नाहीये. त्या मनापासून घाबरल्यात आणि आपलं पोरगं काय ऐकतंय याची काळजी करणं काही चूक नाही. पण यातलं खरं किती आणि पिकवलेलं किती हे मलाच नीट सांगता येत नाहीये, लेड झेपलिन बँडचा गिटारवाला जिमी पेज, त्याचं काहीतरी होतं आणि नॉर्वेत चर्च जाळली होती एवढंच ऐकून आहे. शनिवारी त्या भेटायला येतायत. "असं काही नसतं हो" म्हणून भागणार नाही, म्हणून इथे विचारतेय.

डिस्टॉर्शन_पेडल

ताई, सॅबथपासूनच सुरू करा कारण मुलगा तेच वाजवतोय. चौघंही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली कामगार घरातली पोरं. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात मशीनखाली गेली, तो डावखुरा म्हणजे तारा दाबायचा हातच तो, मग त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं आणि तो जड आवाज बऱ्याच अंशी त्यातून आलाय, कुठल्या पूजेतून नाही. बँडचं नाव एका भुताच्या सिनेमावरून घेतलेलं. गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला. त्यांच्या गळ्यातले ते मोठे क्रॉस त्यांचा गायक ऑझी, त्याच्या वडिलांनी स्वतः धातूचे बनवून दिलेले. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी आला आणि आतल्या पानावर उलटा क्रॉस छापला तो रेकॉर्ड कंपनीने, यांना न विचारता. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तर एक अख्खं गाणं देवाची बाजू घेऊन लिहिलंय, मुलाला सांगा शोधून आईला ऐकव.

आणि ती शिंगं! ऑझीनंतर सॅबथमध्ये रॉनी जेम्स डिओ आला, त्याने ती खूण स्टेजवर आणली. तो इटालियन कुटुंबातला, त्याची आजी वाईट नजर लागू नये म्हणून बोटं तशी करायची. म्हणजे आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात ना, त्याच घरातली गोष्ट आहे ही. त्या काकूंना हे लगेच पटेल बघा.

उलट्या रेकॉर्डवरून तर कोर्टात केस झालेली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत नेवाडात दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, एक तिथेच गेला, दुसरा वाचला पण तीनेक वर्षांत तोही गेला. घरच्यांनी जुडास प्रीस्ट या मेटल बँडवर दावा लावला की गाण्यात "कर" असा छुपा आदेश आहे. १९९० मध्ये रीनोच्या कोर्टात सुनावणी झाली आणि दावा फेटाळला, न्यायाधीशांनी म्हटलं की तो आवाज म्हणजे गिटार आणि गायकाचा बाहेर सोडलेला श्वास योगायोगाने एकत्र आलेत. सुनावणीत हेही पुढे आलं की दोन्ही मुलांच्या घरात मारहाण, दारू असं बरंच काही चालू होतं. मला त्या पोरांचं फार वाईट वाटतं, कारण सगळे रेकॉर्डशी भांडत बसले आणि ती दोघं आधीपासून कशातून जात होती ते कुणी वेळेवर विचारलं नाही.

विवेकी_४११०३०

वरचं सगळं बरोबर आहे पण ताई, एक विनंती, पालकांना "सगळं खोटं आहे" असं सांगू नका. काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या त्यांना उद्या दुसरीकडून कळल्या तर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

जिमी पेजला ॲलिस्टर क्रोलीचं वेड होतं, हे खरं. क्रोली (१८७५ ते १९४७) म्हणजे इंग्लंडमधला जादू-तंत्र-मंत्रवाला, स्वतःचा थेलेमा नावाचा पंथ काढलेला माणूस. पेजने स्कॉटलंडमध्ये लॉक नेसच्या काठावरचं क्रोलीचं जुनं घर विकत घेतलं, लंडनमध्ये गूढविद्येच्या पुस्तकांचं दुकान काढलं, आणि लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डवर मधल्या मोकळ्या जागेत क्रोलीचं वचन कोरून घेतलं. ते घर त्याने १९९२ मध्ये विकलं. म्हणजे नाद होता, पैसा होता, वस्तू जमवल्या. बँडमधल्या बाकीच्यांवर किंवा ऐकणाऱ्यांवर त्याने काही लादलं नाही.

चर्च ऑफ सेटन पण खरंच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६६ मध्ये अँटन लावेने काढलं, आणि हा लावे स्वतः ऑर्गन वाजवणारा. गंमत अशी की ही मंडळी सैतान नावाचं कुणी आहे असं मानतच नाहीत, देवही नाही. माणसाने स्वतःला मानावं असा त्यांचा विचार आणि सैतान हे त्याचं नुसतं चिन्ह. डेन्मार्कचा गायक किंग डायमंड उघडपणे त्या विचाराचा, अमेरिकेतला रॉक गायक मॅरिलिन मॅन्सनला लावेने मानद पद दिलेलं. मला स्वतःला तो विचार आवडत नाही, दुबळ्याबद्दल कळवळाच नाही त्यात, पण रक्त बिक्त काही नसतं.

नॉर्वेचं मात्र लपवू नका. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचं फांटॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं, बाराव्या शतकातलं होतं ते, आणि त्यानंतर बरीच जळली. ऑगस्ट १९९३ मध्ये बुर्झुम बँडच्या वर्ग विकर्नेसने मेहेम बँडच्या युरॉनिमसला भोसकून मारलं, २१ वर्षांची शिक्षा झाली. विशीतली पोरं होती, एका दुकानाभोवती जमलेली, कोण जास्त सैतानी यात एकमेकांना चढवत गेली. आणि पुढे तो माणूस जे वंशद्वेषी विचार मांडत राहिला त्याला सैतानाचीही गरज लागली नाही. एखादा मुलगा त्या माणसाची मुलाखत ऐकून डोलायला लागला तर मी शिक्षक म्हणून नक्की बोलेन.

जुनी_रेकॉर्ड

सायंटॉलॉजीबद्दल लिहितो कारण मी चाळीसेक वर्षं जॅझ ऐकतोय आणि हा विषय माझ्या जवळचा आहे. मेसेजवाल्याने दोन्ही एकत्र घातलं ते साफ चूक. सायंटॉलॉजीत सैतान नाही, काळे कपडे नाहीत, सगळं स्वच्छ, इस्त्रीचं. एल. रॉन हबर्ड हा विज्ञानकथा लिहिणारा माणूस, १९५० मध्ये त्याने मन सुधारण्याची एक पद्धत छापली, १९५४ मध्ये लॉस एंजलिसमध्ये त्याचं चर्च झालं. त्यांचं ऑडिटिंग म्हणजे ई-मीटर नावाच्या यंत्राला जोडलेले दोन डबे हातात धरून समोरच्याला आपल्या आयुष्यातलं सगळं सांगायचं, त्याची नोंद राहते, आणि पुढच्या पुढच्या पायरीला पैसे मोजत जायचं. नामवंतांसाठी १९६९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये वेगळं केंद्रच काढलं, कारण एक कलाकार आला की त्याच्या मागे किती जण येतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चिक कोरिया त्यांच्यातला. हा माझा देव माणूस आहे पियानोतला. १९६० च्या दशकाच्या शेवटी शिरला आणि २०२१ मध्ये गेला तोपर्यंत आत होता, अल्बमवर हबर्डचे आभार मानायचा, २००४ चा एक अख्खा अल्बम हबर्डच्या कादंबरीवर केला. १९९३ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला सरकारी पैशातून होणाऱ्या कार्यक्रमातून त्याला याच कारणाने वगळलं. ते मला आजही पटत नाही, वाजवणाऱ्याला श्रद्धेवरून स्टेजवरून उतरवायचं म्हटलं तर आपल्याकडे सवाईला किती जण उरतील?

पण त्यांच्यातलाच गायक आयझॅक हेज, त्याचं वाचून मात्र झोप उडाली होती. तो एका कार्टून मालिकेत आवाज द्यायचा, मालिकेने २००५ मध्ये सायंटॉलॉजीची टर उडवली आणि मार्च २००६ मध्ये त्याच्या नावाने निवेदन आलं की मी सोडतोय. जानेवारीत त्याला स्ट्रोक येऊन गेला होता. नंतर त्याच्या मुलाने सांगितलं की बाबा त्या अवस्थेत नव्हतेच, भोवतालच्या पंथातल्या माणसांनी परस्पर केलं. आजारी माणसाच्या तोंडचे शब्द दुसऱ्यांनी बोलायचे, हे मला कुठल्याही कवटीच्या चित्रापेक्षा भयंकर वाटतं. गायक बेकचे वडील त्यातले, तो त्याच वातावरणात वाढला, २०१९ मध्ये त्याने सांगून टाकलं की मी सायंटॉलॉजिस्ट नाही. म्हणजे बाहेर राहता येतं, पण घर-दार-काम सगळं आत असलं की किती जड जात असेल.

केपी_जुनी_गल्ली

काका, सवाईचा मुद्दा एकदम मान्य. मी कोरेगाव पार्कात वाढले, आमच्याकडे १९७४ पासून रजनीश आश्रम, मरून झग्यातली परदेशी माणसं रोजचीच. त्यात वादक पण खूप. जर्मनीचा डॉयटर तिथेच राहून ध्यानाची संगीतं करायचा, ती आजही जगभर वाजतात. गिटारवाले जॉन मॅक्लॉफ्लिन आणि सांताना श्री चिन्मय या गुरूंकडे गेले, बीटल्स १९६८ मध्ये महर्षींकडे ऋषिकेशला. प्रसिद्धी, दौरे, नशा हे सगळं झाल्यावर माणूस रिकामा होतो आणि कुणीतरी "बस इथे, डोळे मिट" म्हटलं की बसतो. मला त्यांची टिंगल करवत नाही. पण आश्रमात आई-बापांच्या मागे आलेली मुलं कशी वाढली ते त्यातल्या काहींनी मोठं झाल्यावर जाहीरपणे सांगितलंय आणि ते वाचून पोटात गोळा येतो. तेव्हा त्या काकूंना सांगा की काळजी करा, पण चित्र बघून नको, माणसं बघून करा.

विवेकी_४११०३०

@केपी, अगदी. आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदा पण हेच बघतो. दाभोलकर सरांचा २० ऑगस्ट २०१३ ला इथे आपल्या पुलावर खून झाला, मग आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा आला, ज्यासाठी त्यांनी इतकी वर्षं घातली. त्यात कुणी काय मानावं यावर शब्द नाही. फसवणं, लुबाडणं, मारहाण, अघोरी प्रकार, भीती घालून शोषण, हे गुन्हे आहेत. हीच फूटपट्टी या गायकांना लावा ताई: पैसे कोण काढतंय, घरच्यांपासून तोडतंय का, बाहेर पडायला मोकळीक आहे का. सॅबथचे रिफ वाजवणाऱ्या पोराला यातलं एकही लागू होत नाही.

गिटारवाली_कर्वेनगर

सगळ्यांचे खूप आभार, डोळे उघडले माझे. नॉर्वेचं आणि आयझॅक हेजचं मी स्वतःहून सांगणार आहे, लपवणार नाही. मुलालाही सोबत बसवते. आयोमीच्या बोटांचं तर सगळ्याच मुलांना सांगेन. फक्त उलट्या रेकॉर्डचं तोंडी सांगून पटेल असं वाटत नाही, तिथे काही करून दाखवता येईल का?

डिस्टॉर्शन_पेडल

येईल ना. ऑडॅसिटी नावाचं आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉपवर टाका. आईंनाच एखादं साधं मराठी वाक्य बोलायला सांगून रेकॉर्ड करा, इफेक्टमध्ये रिव्हर्स मारा. आधी नुसतं ऐकवा आणि काय ऐकू आलं ते प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा, एकमेकांचं न बघता. मग तुम्ही त्या आवाजाशी थोडंफार जुळणारं काहीही वाक्य फळ्यावर लिहा आणि परत तेच ऐकवा. लिहिलेलंच ऐकू यायला लागतं, मला पण येतं, माहीत असूनसुद्धा. वाक्य आधीच तयार ठेवा आणि स्पीकर बरा घ्या, फोनच्या स्पीकरवर नीट कळत नाही.