कोटा फर्शी, बोअरिंगचं पाणी आणि रांगतं बाळ: फिनाइल-अ‍ॅसिडऐवजी काय वापरावं?

सुदामानगर_इंदूर
खाली सगळीकडे कोटा फर्शी, बाथरूममध्ये टाइल्स. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी वेळ बोअरिंग, त्यामुळे नळांवर आणि कमोडमध्ये पांढरा थर बसतो. घरात नऊ महिन्यांचं बाळ रांगतंय, सासूबाईंना दमा आहे. सध्या पोछ्याला फिनाइल आणि संडासाला अ‍ॅसिड वापरतो, दोन्ही बंद करायचंय. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरा, असं सगळे सांगतात. बायो-एन्झाइमही ऐकलंय. नेमकं काय घ्यावं? प्रमाणासकट सांगा.

रामबाग_रसायन
आधी मळ कोणता ते बघा, मग बाटली निवडा. पांढरा थर म्हणजे पाण्यातला क्षार, तो आम्लानेच सुटतो. ओट्यावरचा चिकटा म्हणजे तेल, त्याला धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट लागतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केलात की फेस येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात उरतं जवळजवळ खारं पाणी. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं, एवढंच. वेगवेगळे वापरा.

क्षारासाठी लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घ्या. सियागंज बाजारात ‘नींबू सत’ म्हणून सुटं मिळतं. ५० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा म्हणजे वाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी काढलंत की थर मऊ पडलेला असतो, जुन्या टूथब्रशने निघतो. मग भरपूर पाण्याने धुवा, रात्रभर गुंडाळून ठेवू नका, क्रोमची चमक जाते.

कमोडला तेच, फक्त आधी आतलं पाणी मगाने उपसून कमी करा. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाणी तसंच ठेवून वर पावडर टाकली की द्रावण इतकं पातळ होतं की थर हलतच नाही. पाणी उपसल्यावर ५०-६० ग्रॅम पावडर थराच्या रेषेवर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश मारा. जुना जाड थर दोन-तीन वेळा केल्यावर सुटतो.

आता महत्त्वाचं. कोटा फर्शीला लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काहीही लावू नका. कोटा हा चुनखडीचाच दगड आहे. कपाटाखाली, दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून बघा: बारीक बुडबुडे उठतील आणि पुसल्यावर तिथे मंद, खरखरीत डाग राहील. तो पॉलिशशिवाय जात नाही. संगमरवराचंही तेच. टाइल्स अ‍ॅसिडने सहसा बिघडत नाहीत, पण मधल्या फटींतलं सिमेंट खाल्लं जातं आणि मग तिथूनच पाणी मुरतं.

रोजच्या पोछ्याला आठ लिटरच्या बादलीत अर्धा चमचा भांड्यांचं साधं लिक्विड पुरतं. जास्त घातलंत तर फर्शीवर पापुद्रा राहतो, पाय चिकटतात आणि धूळ उलट जास्त बसते. बाळ रांगतं त्या खोलीत शेवटचा हात साध्या पाण्याचा मारा.

टिळकनगर_काकू
ताई, बायो-एन्झाइम करायचं असेल तर गूळ १०० ग्रॅम, मोसंबी-संत्री-लिंबाची सालं ३०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर जागा मोकळी राहू द्या. काचेची बरणी नको, गॅस साठून फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण थोडं सैल करून गॅस सोडा, तीन महिने ठेवा, मग गाळा. सिंक आणि टाइल्सना एकास दहा पाणी. हेही आंबटच असतं, म्हणून कोट्यावर नको. आणि जंतुनाशक समजून त्याच्या भरवशावर राहू नका.

बोअरिंगच्या पाण्याला रिठा फार चांगला, कारण क्षाराच्या पाण्यात साबणाचा होतो तसा त्याचा चोथा होत नाही. १५ रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, पंधरा मिनिटं उकळा, गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतो. डोळ्यांना मात्र चांगलाच झोंबतो.

ओट्यामागच्या तेलाला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा लिटरभर गरम पाण्यात, हातमोजे घालून. चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हा सोडा लावू नका, काळी पडते.

विजयनगर_२४
दम्यासाठी एक गोष्ट: स्प्रे बंद करा. बारीक तुषार थेट छातीत जातात. सफाईचं द्रावण फडक्यावर ओतून पुसा, खिडकी उघडी ठेवा, सुवासिक काही घेऊ नका.

जंतू मारायचे असतील ते आजारपणात, उलटी-जुलाबानंतर. आधी जागा साबणाने धुवा, नाहीतर ब्लीचची सगळी ताकद मळातच जाते. मग ४ टक्क्यांचं ब्लीच २५ मिली एक लिटर पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवून पुसा. हे द्रावण रोज ताजं करा. सासूबाई आणि बाळ तेव्हा दुसऱ्या खोलीत हवेत. टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, लिंबूसत्व यांतलं काहीही ब्लीचला लागता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. वास तिखट झाला तर पाणी ओतत बसू नका, दार उघडून बाहेर पडा.

लेबलवर ‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. घटकांची यादी आहे का ते बघा. पर्यावरणाला कमी घातक वस्तूंना चिन्ह देणारी सरकारी इकोमार्क योजना १९९१ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले; मूळ चिन्ह मातीच्या मडक्याचं. ते मोजक्याच वस्तूंवर दिसतं. सुटं, बिनलेबलचं फिनाइल तर घेऊच नका.

सुदामानगर_इंदूर
खूप आभार. अर्धी बाटली अ‍ॅसिड उरलंय, ते नालीत ओतू का?

रामबाग_रसायन
नको. मूळ बाटलीतच झाकण घट्ट लावून ठेवा, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. आपल्याकडे कचरागाडीला घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात द्या आणि आत काय आहे ते गाडीवाल्या दादांना तोंडाने सांगा.

नवीन द्रावणं कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरू नका. वेगळी बाटली घ्या आणि त्यावर हिंदीत ठळक लिहा: ‘नींबू सत, फर्श पर नहीं’. कामाच्या बाईंना एकदा हातमोज्यांसकट दाखवून द्या, कारण रोज हात त्यांचेच बुडतात.