गणपतीत सिनेमा दाखवायला पडदा कोणता घ्यावा? (बडोदे)

दांडियाबाजारची_सून: आरतीनंतर सोसायटीच्या अंगणात मुलांना सिनेमा दाखवायचाय. प्रोजेक्टर आहे, जुना. पडद्यासाठी ३००० रुपये, वर एक रुपया नाही. दुकानदार पांढरा देतोय. खजिनदार काका अडून बसलेत, "रुपेरी पडदा म्हणतात ना? मग चंदेरीच घ्या." पूर्वी खरंच चंदेरी असायचा का? घ्यावा का?

तंत्रमंत्र: असायचा. तेव्हा प्रोजेक्टरचा उजेड कमी, म्हणून पडद्याला धातूचा चकचकीत रंग देत, उजेड प्रेक्षकांकडे जास्त परतावा म्हणून. पण समोरच्याला लख्ख आणि कडेच्याला अंधुक दिसायचं. दिवे जोरदार झाले तसे पांढरे पडदे आले. आता चंदेरी मुख्यतः थ्रीडीला लागतो, तेही पोलराइज्ड चष्म्याच्या. पांढऱ्यावर डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळतात. तुम्ही मॅट पांढराच घ्या ताई.

अल्कापुरीकर: मी हॉलमध्ये ऐंशी हजारांचा बसवलाय, दिवे चालू ठेवूनही झक्कास दिसतो. एकदाच खर्च करा, नंतर रडणं नको.

दांडियाबाजारची_सून: ३००० हो, दादा.

रावपुऱ्याचा_राजा: पडदा कशाला? डबल बेडची चादर! फक्त खालून बांधा. आमची मोकळी होती, वाऱ्याने शिडासारखी फुगली आणि बांबूसकट प्रसादाच्या ताटांवर. सेव उसळीत सगळा रंगमंच!

पुस्तकी_किडा: पडद्याचा काही संबंध नाही. फिल्मच्या पट्टीवर चांदीचे क्षार असतात, रुपेरी त्यावरून.

तंत्रमंत्र: क्षार असतात, खरंय. पण नाव पडद्याच्या रंगावरूनच आलंय.

पुस्तकी_किडा: बरं. फाळके आपल्या कलाभवनात शिकले, हे तरी कुणाला ठाऊक आहे का इथे? 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला.

रावपुऱ्याचा_राजा: आणि त्यांनी पडदा कितीला घेतला?

मकरपुरा_काकू: वरचं वाचलं नाही, पण मॅट पांढरा घ्या. भाच्याने चंदेरी घेतला होता, मधोमध दिव्याचा पांढरा गोळा दिसायचा.

जुना_ऑपरेटर: रंगावरून भांडण, आणि अंधाराचं कुणी बोलेना! अंगणात दिवेलागणीला लावलात तर ऐंशी हजारांचाही फिका दिसेल. पूर्ण अंधार पडू द्या, मांडवाच्या माळा विझवा. पडद्यामागे काळं कापड टाका, नाहीतर मागच्या खांबाचा दिवा आरपार येतो. जुन्या प्रोजेक्टरला १०० इंच पुरे, म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच. शिवलेल्या कडांना धातूच्या रिंगा असलेलं जाड पांढरं कापड घ्या, दोऱ्या चारही बाजूंनी ओढता येतात. बजेटात बसेल.

अल्कापुरीकर: माझ्याकडे दिवे विझवावे लागत नाहीत.

दांडियाबाजारची_सून: सगळ्यांचे आभार. काकांनी काल परस्पर ॲल्युमिनियम पेंटचा डबा आणि प्लाय आणला, पहिला हात मारूनही झाला. वाद घालणार कोण, वर्गणी त्यांच्याकडे! खुर्च्या मधोमधच मांडू, कडेला चपला. काळ्या कापडाचे पैसे वाचले, प्लायमधून काही आरपार येत नाही.

मकरपुरा_काकू: सिनेमा कोणता लावणार?

दांडियाबाजारची_सून: त्यावर कमिटीत मतदान आहे. वेगळा धागा काढते.