पुन्हा: पासपोर्टवर उस्मानाबाद, दाखल्यावर धाराशिव (तातडीचं) + पातेलं

प्रेषक: उमरगेकर, हाइलब्रॉन
३ जुलै २०२५, रात्री ११:४०

मंडळी,

तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो. भावाच्या धाकट्याची (मागं बोललो होतो तोच, मेकॅनिकलवाला) जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाची तारीख आली, २१ जुलै, मुंबई. ॲडमिशन झालं, एपीएस (मार्कशीटं तपासल्याचं जर्मनीचं सर्टिफिकेट) हातात आहे, ब्लॉक्ड अकाउंटचे (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) निम्मे पैसे गेलेत. आणि आता खोडा पडलाय.

पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद आहे. भावानं गेल्या महिन्यात जन्मदाखला नव्यानं काढला, त्यावर आलंय धाराशिव. फॉर्म भरून देणारा एजंट म्हणतो, दोन्ही जुळत नाहीत, व्हिसा गेला म्हणून समजा, आधी पासपोर्ट बदला. वर सगळ्या कागदांना अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) पाहिजे म्हणतो, कागदामागं साडेतीन हजार. भाऊ रोज रात्री फोन करायलाय. लेकराचं सोडा, बापाचंच बीपी वाढलंय.

पासपोर्ट बदलायला टाकला तर २१ तारीख हातची जाते. कुणाचं असं झालंय का? कुणाकडं कागदं जुळवून घ्यायचा काही मार्ग असेल तर सांगा.

ता.क. रविवारी एकादशी आहे. मंडळाचं मोठं पातेलं कुणाकडं आहे? साबुदाणा आणलाय, भिजवायचा कशात?

---

प्रेषक: परभणीकर वहिनी, श्टुटगार्ट
४ जुलै, सकाळी ६:५५

पातेलं पाडव्याला नाना उल्मला घेऊन गेले. मी स्वतः गाडीत ठेवून दिलं होतं.

भाऊजी, पासपोर्टला हात लावू नका. फॉर्ममध्ये जन्मठिकाण पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहायचं, अक्षर न् अक्षर. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर. ब्लॉक्ड अकाउंटच्या पत्रावर, युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर, व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, सगळीकडं जुना नंबर गेलाय. एक शब्द जुळवायला जाल आणि चार नंबर उसवाल.

आणि मला सांगा, विद्यार्थी व्हिसाच्या यादीत जन्मदाखला मागितलाय कुठं? पासपोर्ट, ॲडमिशनचं पत्र, एपीएस, मार्कशीटं, भाषेचं सर्टिफिकेट, पैशाचा पुरावा, विमा, बायोडाटा, आणि ते ‘मला इथंच का शिकायचंय’चं पत्र. झालं. जन्मदाखला लागतो इथं लग्न करायला, नाहीतर लेकरू झाल्यावर नोंदवायला. जे मागितलं नाही ते खिडकीवर ठेवून समोरच्या माणसाला विचार करायला लावू नका.

फाईल मात्र काळजीनं लावा. आधी नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो या १ जुलैपासून बंद झालाय. आता एकतर नव्यानं अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा.

---

प्रेषक: नाना, उल्म
४ जुलै, सकाळी ९:२०

पातेलं मी परत दिलं. कुणाला दिलं ते आठवत नाही, पण दिलं.

वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, फक्त अपोस्टीलचं त्यांनी सोडून दिलं, आणि पैसा तर तिथंच जायलाय. म्हणून सविस्तर लिहितो. एका पैचं अपोस्टील करू नका. भारत अपोस्टीलच्या करारात २००५ पासून आहे. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली, म्हणून या दोन देशांमध्ये तो शिक्का चालतच नाही. तुमचा एजंट साडेतीन हजारात जो कागद देणार तो इथल्या ऑफिसात चहाचा कप ठेवायला कामाला येईल. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागं ५० रुपये आहे, बाकीचे कुठं जातात ते समजून घ्या.

अपोस्टीलऐवजी काय करतात ते आमच्या पुतणीच्या लग्नात २०१४ ला बघितलं. जन्म गंगाखेड तालुक्यातल्या खेड्यातला. इथल्या विवाह नोंदणी ऑफिसनं तिचा दाखला दूतावासाकडं पडताळणीला पाठवला. दूतावास तिकडं एक वकील नेमतो, तो गावात जाऊन मूळ रजिस्टर बघतो, खर्च आपला. वकील गेला तर ग्रामसेवक नाही, तीन गावं त्याच्याकडं, आमच्या गावाला मंगळवारी येणार. मंगळवारी रजिस्टर निघालं लाल फडक्यात बांधलेलं, कडेनं वाळवी लागलेली. त्यात नोंद काय? तारीख, बापाचं नाव, आणि नावाच्या रकान्यात ‘मुलगी’. तेव्हा बारसं झालेलं नव्हतं ना. नंतर कुणी नाव घातलंच नाही. आता ही ‘मुलगी’ म्हणजे आमची पुतणीच, हे सिद्ध करायला शाळेचा निर्गम उतारा, सरपंचाचं पत्र, सुईणीचा जबाब. पाच महिने. हॉलची तारीख दोनदा बदलली.

आमच्या वडिलांच्या शाळेच्या उताऱ्यावर तर जन्मसाल १३४७ फसली आहे. निजामाचं राज्य. त्यात ५९० मिळवा म्हणजे इंग्रजी साल येतं. ते कुठल्या एजंटाला दाखवलं तर तो म्हणेल आजोबांचाच पासपोर्ट बदला.

तेव्हा धाराशिवचा नवा दाखला फेकू नका, जपून ठेवा. पोरगं इथं लग्न करील तेव्हा लागेल.

---

प्रेषक: कोथरूडकर, एस्लिंगेन
४ जुलै, सकाळी ११:०२

> कुणाकडं कागदं जुळवून घ्यायचा

कागद हा शब्द पुल्लिंगी आहे. अनेकवचन ‘कागद’च. ‘कागदं’ असे रूप नाही. मंडळाच्या यादीवर तरी शुद्ध लिहावे अशी नम्र सूचना.

---

प्रेषक: नाना, उल्म
४ जुलै, सकाळी ११:१०

आमच्याकडं कागदंच असतात. तुमच्याकडं पातेलं आहे का ते सांगा.

---

प्रेषक: नांदेडचा, कार्ल्सरूह
४ जुलै, दुपारी १:३५

काका, ‘निम्मे पैसे गेलेत’ म्हणजे नेमकं काय? मला काळजी याचीच वाटायली. नावाचं होऊन जाईल. ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो पूर्ण पाहिजेत, महिना ९९२ च्या हिशोबानं. आजच्या भावानं बारा लाखांच्या घरात. एक युरो कमी असला तरी ते पक्कं पत्र देत नाहीत. मधल्या बँकेचं कमिशन कापून जातं, म्हणून थोडे जास्तच पाठवा. माझे २०१९ ला अठरा युरो कमी पडले होते, ते अठरा युरो पाठवायला नऊ दिवस गेले.

दुसरं, टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर. या एप्रिलपासून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर त्या वरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के, आणि बँकेच्या फॉर्मवर कारण चुकीचं पडलं तर २० टक्के. आमच्या गावच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म कुणी बघितलेलाच नव्हता, त्यांनी माझं कारण ‘कुटुंब निर्वाह’ टाकलं होतं. नीट बघून सही करायला सांगा.

---

प्रेषक: उमरगेकर, हाइलब्रॉन
४ जुलै, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचा मेल भावाला फोनवर वाचून दाखवला. दोन मार्कशीटं एजंटाकडं अपोस्टीलला गेलेलीच आहेत, सात हजार देऊन. मूळ प्रती अडकल्यात. उद्या सकाळच्या एसटीनं तो स्वतः आणायला चाललाय.

पैशाचं: सहा लाख शिक्षणकर्ज, ते बँकेनं परस्पर पाठवलं. उरलेले सहा भावाचे. सोयाबीनचं मागचं देणं भागवून दोन उरले, बाकी माझे आणि मेहुण्याचे. तीन एकर बँकेकडं तारण आहे, सातबाऱ्यावर बोजा चढला. त्यामुळं भाऊ घाबरायलाय, व्हिसासाठी एवढा नाही. टीसीएस किती लागंल?

---

प्रेषक: परभणीकर वहिनी, श्टुटगार्ट
४ जुलै, संध्याकाळी ६:४०

शून्य. बँकेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या रकमेवर यंदापासून टीसीएस नाहीच, आणि तुमच्या भावाचे सहा लाख १० च्या आत आहेत. नांदेडच्या, माणूस आधीच घाबरलाय, त्याला अजून कशाला घाबरवतोस?

फक्त एक. ‘तिकडं गेला की काम करून कर्ज फेडेल’ असं भावाच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढा. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं. त्यातून भाजी आणि रेल्वेचा पास निघतो, बोजा उतरत नाही. बोजा उतरतो तो शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात त्यातून, आणि तेव्हा जर्मन येत असेल तरच. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून पोरं इथं दोन वर्षं हाय-हॅलोवर काढतात, मग रडतात.

---

प्रेषक: नांदेडचा, कार्ल्सरूह
४ जुलै, संध्याकाळी ७:०५

घाबरवलं नाही वहिनी, माहिती दिली. सगळ्यांना टीसीएसचं कळलं तर बिघडलं काय? आणि कागदपत्रांची जी फाईल मंडळाच्या ड्राइव्हवर आहे ती मीच केलेली आहे, ती कुणी उघडत नाही हा वेगळा विषय.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर, लुडविग्सबुर्ग
५ जुलै, सकाळी ८:३०

विषय निघालाच आहे तर विचारते. माझी मावसबहीण जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालीय, अंबाजोगाईला चार वर्षं वॉर्डात काम केलंय. राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी फेब्रुवारी २०२४ मध्ये १० हजार कुशल मुलामुलींचा करार केला, तेव्हापासून घरचे तिला ‘तू जर्मनीला’ म्हणत बसलेत. तिला थेट इथल्या हॉस्पिटलमध्ये अर्ज करता येतो का? सरकारी रांगेतूनच यावं लागतं?

---

प्रेषक: परभणीकर वहिनी, श्टुटगार्ट
५ जुलै, सकाळी ९:१५

थेट करता येतो. पण नर्सचा मार्ग इंजिनिअरसारखा नाही. तिची पदविका इथल्या राज्याच्या ऑफिसनं मान्य करावी लागते, आणि पूर्ण मान्यतेला जर्मन भाषेची बी-टू पातळी (बी-वनच्या वरची) लागते. ते ऑफिस तिचा अभ्यासक्रम इथल्याशी ताडून काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग एकतर हॉस्पिटलात राहून तेवढं शिकायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. तोवर मदतनीस म्हणून काम, पगार त्याच हिशोबाचा. तिला म्हणावं आधी भाषा. बी-वनपर्यंत पोहोचली की मला फोन कर, मी आमच्या वॉर्डाच्या बाईंना विचारते. सगळ्यांसमोर शब्द देत नाही.

---

प्रेषक: जालनेकर, माइन्झ
५ जुलै, दुपारी १२:२०

धाराशिव काय, उस्मानाबाद काय. नाव बदलायची गरजच काय होती, हा खरा प्रश्न आहे. आता सगळ्या परदेशातल्या लोकांना

---

प्रेषक: सचिव
५ जुलै, दुपारी १२:५८

जालनेकरांचा मेल अर्धवट आला आहे. तो पूर्ण पाठवू नये ही विनंती. नामांतरावर या यादीवर २०२३ मध्ये एकसष्ट मेल झाले होते आणि तीन सभासद कमी झाले. उमरगेकरांच्या प्रश्नापुरतं बोलू या.

एकादशीची खिचडी दोन छोट्या पातेल्यांत होईल. आणताना कृपया त्यावर स्वतःचं नाव चिकटवा.

---

प्रेषक: उमरगेकर, हाइलब्रॉन
२२ जुलै, रात्री १०:३०

मंडळी,

काल झालं. आमचं पोरगं आदल्या रात्रीच मुंबईला पोचलं, मामाकडं राहिलं. फॉर्मवर उस्मानाबाद लिहिलं, पासपोर्टवर उस्मानाबाद. धाराशिवचा दाखला पिशवीतच राहिला. उस्मानाबाद कुठं आहे हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

अडलं ते फोटोवर. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्यानं प्रेमानं पोराचा चेहरा घासून गोरा केला, गालावरचा व्रण काढून टाकला आणि केसांना चकाकी आणली. खिडकीवरची बाई फोटो बघायची, परत पोराकडं बघायची. हा तू नाहीस म्हणाली. मग तिथंच पैसे भरून नवा काढला. त्यात तो जसा आहे तसा आला, रात्रभर न झोपलेला.

मार्कशीटं परत मिळाली. मागं अपोस्टीलचं स्टिकर लागलेलं. खिडकीवर कुणी उलटून बघितलं नाही. सात हजार काही परत मिळत नाहीत. एजंट म्हणाला, ‘दुसऱ्या देशाला जाताना कामाला येईल.’

व्हिसा आला की कळवतो. भाऊ सगळ्यांना, खास करून नानांना नमस्कार सांगायलाय. तो विचारत होता, ते फसलीवाले नाना कोणत्या गावचे?

---

प्रेषक: नाना, उल्म
२३ जुलै, सकाळी ७:१०

गंगाखेडचेच. भावाला सांगा, मी पण बोजा चढवूनच आलो होतो, १९९१ ला, अडीच एकर.

काल गॅरेज आवरलं. पातेलं माझ्याकडं नाही. झाकण आहे.