चर्चा: एलएसीवर (भारत-चीनमधली प्रत्यक्ष ताबारेषा) ‘गोळी झाडायची नाही’ हा नियम गलवाननंतरही ठेवावा का?

वैनगंगा:
माझा चुलतभाऊ सैन्यात आहे. २०२० च्या जूनमध्ये तो लडाखच्या बाजूला होता आणि फोन लागत नव्हता. काकू चार दिवस देवासमोरून हलली नाही. तिचा एकच प्रश्न होता, “हातात बंदूक असताना पोरांनी मार का खाल्ला?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

१५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात, पेट्रोलिंग पॉइंट १४ (गस्तीचं ठरलेलं ठिकाण) जवळ, बिहार रेजिमेंटच्या १६व्या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू धरून आपले २० जण गेले. समोरच्या चिन्यांच्या हातात खिळे ठोकलेले गज होते. आपले चार सैनिक मेले हे कबूल करायला चीनला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. आपल्या जवानांकडे शस्त्रं होती, असं परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तीनच दिवसांनी सांगितलं. पण १९९६ आणि २००५ च्या भारत-चीन करारांनुसार आमनेसामने आल्यावर ती वापरायची नाहीत, अशी जुनी प्रथा आहे, हेही सांगितलं.

१९९६ च्या कराराचं कलम ६ वाचा. एलएसीपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार नको, सुरुंगस्फोट नको, बंदुकीने शिकारसुद्धा नको. खिळ्यांच्या गजाबद्दल मात्र चकार शब्द नाही! समोरचा करारातली फट शोधून माणसं मारतो आणि आपण शब्द पाळत बसतो. माझं मत स्पष्ट आहे. गोळी कधी, कोणी, कुणाच्या हुकमाने झाडायची याचे जे नियम असतात (रूल्स ऑफ एंगेजमेंट), त्यात ही बंदी आता नको. आणि ती उठली आहे हे चीनला उघडपणे कळू दे.

ओलीमाती:
तुमच्या काकूंचा प्रश्न खरा आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये अरुणाचलात तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान गोळीने गेले. त्यानंतर गलवानपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४५ वर्षं, एवढ्या लांब सीमेवर एकही जवान चिनी गोळीने गेला नाही. पाकिस्तानच्या बाजूला एलओसीवर याच काळात किती घरांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आल्या, ते आठवा. या बंदीने वाचलेली पोरं मोजता येत नाहीत, म्हणून ती आपल्या हिशोबातच येत नाहीत.

दुसरं असं की रेषा नेमकी कुठे, यावरच दोन्ही देशांचं एकमत नाही. १९९६ च्याच कराराचं कलम १० हे मान्य करतं. गस्तीवरची दोन्ही पथकं आपापल्या मते स्वतःच्याच जमिनीवर उभी असतात. ‘घुसला की झाडा’ असा नियम केलात तर पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडून झाडतील, आणि दोघेही म्हणतील आम्ही आमच्या घरात होतो.

वैनगंगा:
‘घुसला की झाडा’ असं मी म्हटलेलं नाही. जिवावर बेतलं तर झाडा, एवढंच म्हणतोय. आणि इतिहासच काढायचा तर १९६७ चं सिक्कीममधलं नथू ला (खिंड) का सोडता? ११ सप्टेंबरला आपले जवान कुंपणाची तार लावत होते, उघड्यावर. चिन्यांनी मशीनगन चालवल्या. जनरल सगत सिंग यांनी तोफांनी उत्तर दिलं, ते तीन-चार दिवस चाललं. त्यानंतर नथू ला आजवर तसं पेटलेलं नाही.

ओलीमाती:
आपलीही कित्येक माणसं त्यात गेली, हे त्याच दमात सांगायला हवं होतं. आणि जिवावर बेतल्यावरचं म्हणाल, तर स्वसंरक्षणाचा हक्क तेव्हाच्या भारतीय दंड संहितेने (कलम ९६ ते १०६) साध्या नागरिकालाही दिला होता, मग सैनिकाचा तो कोणत्या कराराने जाईल? बंदी गोळीबार सुरू करण्यावर होती. जीव वाचवण्यावर ती कधीच नव्हती.

माजी_हवालदार:
मराठा लाईट इन्फंट्रीत २२ वर्षं काढली, त्यातली काही अरुणाचलात. दोघांचंही वाचलं. कायद्यात हक्क असणं वेगळं आणि त्या क्षणी हात ट्रिगरवर जाणं वेगळं, ओलीमाती ताई.

फेसऑफ, म्हणजे दोन्ही पथकं आमनेसामने येणं, कसा असतो ते सांगतो. रायफल पाठीला, बॅरल जमिनीकडे. पुढचे दोघं कापडी बॅनर ताणून धरतात, त्यावर लिहिलेलं असतं की ही आमची हद्द आहे, मागे जा. समोरही तसंच बॅनर. चौदा-पंधरा हजार फुटांवर नुसतं उभं राहूनही धाप लागते, ओठ फुटतात, बॅनर धरून बोटं बधिर होतात. तासन् तास तसंच. जवानाच्या अंगात मुरवलेलं असतं की रायफल पुढे घ्यायची नाही. वर्षानुवर्षं मुरवलेली सवय एका रात्रीत कलम वाचून सुटत नाही.

आता गलवान. अंधार, अरुंद खोरं, खाली नदी, दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळलेली. तिथे गोळी झाडली तर ती कुणाच्या छातीत जाईल? सैन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, १६ जूनच्या निवेदनात आहे, १७ जण गंभीर जखमी होते आणि शून्याखालच्या थंडीत उघड्यावर राहिल्याने गेले. मला त्या १७ जणांवरून झोप लागली नव्हती. गोळीची परवानगी असती तरी तेवढ्याने ते वाचले असते का, मला शंका आहे. काळोखात जायचं की नाही, मागे आणखी एक तुकडी उंचावर नेम धरून बसलेली आहे का, जखमींना कोण कुठून उचलणार, हे गस्त निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं. माझ्यासाठी नियम म्हणजे हे. ‘झाडा’ आणि ‘झाडू नका’ ही त्यातली एक ओळ.

शतपावली:
हात मोकळे सोडा म्हणणाऱ्यांनी नागालँडमधलं ओटिंगही बघावं. ४ डिसेंबर २०२१, शनिवारची संध्याकाळ, कोळशाच्या खाणीतून पिकअपमधून घरी निघालेले मजूर. दबा धरून बसलेल्या पथकाने त्यांना अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, सहा जण मेले. नागालँड पोलिसांच्या आरोपपत्रात ३० जवानांची नावं आली आणि रूल्स ऑफ एंगेजमेंट पाळले नाहीत असा ठपकाही. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली.

वैनगंगा:
ओटिंगबद्दल तुमच्याइतकाच राग मलाही आहे. पण तिथे समोर आपलीच माणसं होती, इथे दुसऱ्या देशाचं सैन्य. दोन्हींना एकच माप लावू नका.

शतपावली:
माप एक नाही, मान्य. माझा मुद्दा एवढाच की समोर कोण आहे हे डोळ्यांनी पटल्याशिवाय बोट ट्रिगरवर नको, ही अट दोन्हीकडे लागते.

ओलीमाती:
गलवाननंतर कमांडरना अपवादात्मक प्रसंगी गोळीबाराची मोकळीक दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये लडाखमधल्या पँगाँग तलावाच्या दक्षिणेला १९७५ नंतर पहिल्यांदा एलएसीवर गोळ्या झाडल्याही गेल्या. तरी ९ डिसेंबर २०२२ ला तवांगजवळ यांगत्सेला चिनी मोठ्या संख्येने चढून आले, तेव्हा आपल्या जवानांनी गोळी न झाडता त्यांना परतवलं. संयम कामाला येतो, तो असा.

वैनगंगा:
यांगत्से तर माझ्या बाजूने बोलतं! परवानगी खिशात होती, म्हणून ती न वापरता ताठ उभं राहता आलं. गलवानला ती नव्हती. पण हवालदार साहेबांचं जखमींबद्दलचं वाचून थोडा थांबलो, तो भाग मी धरलाच नव्हता. साहेब, भाऊ पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. काकू त्याला पुन्हा तेच विचारणार.

माजी_हवालदार:
विचारू दे, आई आहे. तुम्ही मात्र ‘का नाही झाडली’ हे विचारू नका. तिकडे जखमी झाला तर खाली आणायला किती वेळ लागतो, ते विचारा. तेवढं कदाचित तो सांगेल.