'कॅन आय' म्हटलं म्हणून पोरांना वर्गाच्या दारात उभं करणं बंद करा

खडूफळा: पोरगं दारात येऊन 'कॅन आय कम इन सर' म्हणालं की अजूनही काही शिक्षक 'यू कॅन, बट यू मे नॉट' म्हणतात (म्हणजे कॅन फक्त 'जमतं का' यासाठी, परवानगी मागायला मे च हवं), अख्खा वर्ग हसतो आणि ते पोर पुन्हा आठवडाभर इंग्रजीत तोंड उघडत नाही. मला याचा मनापासून राग येतो. परवानगीसाठी कॅन चालतं, चांगल्या डिक्शनरीत हा अर्थ दिलेला असतो, इंग्लंडातली माणसं रोज तसंच बोलतात. मे जरा जास्त फॉर्मल, फरक तेवढाच. आणि पुढे नोकरीत ज्याची खरी गरज पडते ते कुड यू, वुड यू आपण नीट शिकवतच नाही, मग तीच पोरं कॉल सेंटरला लागली की 'गिव्ह मी युवर नंबर' म्हणतात आणि पलीकडचा माणूस दुखावतो.

नाशिकची_ताई: सर, अजिबात पटलं नाही. हसणं चूकच, पण नियम का सोडायचा? गोऱ्या माणसाने कॅन म्हटलं तर कुणी काही म्हणत नाही, आपलं खेड्यातलं पोर इंटरव्ह्यूला बसलं की त्याचं इंग्रजी पहिल्या वाक्याला जोखलं जातं. 'मे आय' म्हणून आजवर कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

जुनं_पुस्तक: ताई, नियम तरी कुठे तेवढा पक्का आहे? मे चा मूळ अर्थच ताकद असणे, समर्थ असणे. माईट म्हणजे बळ, तो शब्द त्याच कुळातला. परवानगीचा अर्थ मे ला नंतर चिकटला, कॅनला त्याच्याही नंतर, एकोणिसाव्या शतकात तो चांगला रुळला होता. म्हणजे दोघांचा प्रवास एकच, मे फक्त आधी निघाला.

नाशिकची_ताई: इतिहास छान आहे हो, पण पेपर तपासणाऱ्याला तो सांगायला पोरगं तिथे नसतं.

लीड्सकर: मी इथे इंग्लंडात हॉस्पिटलात काम करते. 'मे आय' क्वचित कानावर येतं, कॅन आणि कुड दिवसभर. आपल्याकडून नवीन आलेल्या मुलींची अडचण वेगळीच असते, त्या 'प्लीज गिव्ह मी द फाइल' म्हणतात आणि त्यांना वाटतं प्लीज लावलं, झालं. समोरच्याला मात्र तो हुकूम वाटतो. आपल्या भाषेत मान क्रियापदातच असतो, दे म्हटलं की वेगळं, द्या म्हटलं की वेगळं, वर 'जरा' लावलं की अजून मऊ. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच यू, मग तो मान ठेवायचा कुठे? कुड नि वुडमध्ये. हे शाळेत कुणी दोन तास बसून समजावलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ एवढंच शिकवतात, पण आपण नाही का म्हणत 'सर, जरा बोलायचं होतं', बोलायचं तर आत्ताच असतं ना.

बँड_सात: आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करून घेतो म्हणून उत्तरांबद्दल सांगतो, कारण प्रश्न सगळे पाठ करतात आणि फसतात उत्तरात. 'कुड आय सिट हिअर' ला 'येस, यू कॅन' म्हणायचं, 'येस, यू कुड' नाही. 'वुड यू माइंड' ला तयारी दाखवायची असेल तर 'नो, नॉट ॲट ऑल', तिथे नुसतं येस म्हटलं तर 'हो, मला त्रास होईल' असा अर्थ निघू शकतो. आणि 'यू मे गो' बरोबरीच्या माणसाला म्हणू नका, मोठ्या साहेबाने धाकट्याला सोडल्यासारखं लागतं ते. ताईंना एक सांगतो, आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिपीट दॅट प्लीज' बिनधास्त म्हणता येतं, आमची पोरं तिथे गप्प बसतात.

खडूफळा: ताई, नुकसान विचारलंत ना, हे घ्या. मे म्हणजे सभ्यता एवढंच डोक्यात बसल्यामुळे पोरं 'मे यू गिव्ह मी पेन' म्हणतात. मे आय चालतं, समोरच्याला विनंती करताना मे यू चालत नाही.

नाशिकची_ताई: मे यू माझ्याही वर्गात ऐकू येतं, ते खरंय. आठवीत कुड यू घ्यायला माझी हरकत नाही. पाचवीपर्यंत मात्र मे आयच, लहान पोराला एकच वाट दाखवावी.

खडूफळा: आठवीपर्यंत थांबायचं कशाला? आपल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे. पहिलीतलं पोर घरी आजीला 'पाणी देतेस का गं' आणि पाहुण्यांना 'पाणी देऊ का' बरोबर म्हणतं, त्याला कुड यू आणि कॅन आय जड जाणार नाही.